साडेतेरा किलो

खाडीच्या पाण्यातून चालत जाणारी बाई होडीत बसलेल्या माणसाला मागं टाकून पुढं निघून जाते, हे दृश्य मी अगदी जवळून पाहिलं आहे. होडीत मीच होतो.

ओहोटी लागली होती. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायानं तिसऱ्या चाचपत होती. मी तिच्या मागून निघालो, दहा मिनिटांनी तिच्या बरोबरीला आलो आणि आणखी दहा मिनिटांनी पाहतो तर ती माझ्यापुढं. मधल्या वेळात तिनं अर्धी टोपली भरली होती आणि मी एक गोल पूर्ण केला होता.

"पावण्यांनू, होडी अडाकली काय?" तिनं विचारलं.

"नाही. वल्हवतोय."

"बरां," ती म्हणाली.

त्या 'बरां'मध्ये जी दया होती, ती मला सहन झाली नाही. होडीला मोटर घ्यायचा निर्णय मी त्याच क्षणी घेतला. वल्ही हातात असूनही मी हात जोडले असते, पण वल्ही सोडली की होडी उलटी फिरते हे तोवर शिकलो होतो.

ही होडी मुळात माझी नाही. कर्ली खाडीच्या काठी माझी सासुरवाडी. बँकेतून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या फ्लॅटला कुलूप लावून आम्ही वर्षातले सहा महिने तिथं राहतो. दोन वर्षांपूर्वी नॉर्वेतला भाचा आला तो एक रबरी होडी घेऊन. घडी घालून पिशवीत. विमानात एका बॅगेला तेवीस किलोची मर्यादा, होडी साडेबावीसची; म्हणजे त्यानं आमच्यासाठी चॉकलेटं का आणली नाहीत याचंही उत्तर मिळालं. चार दिवस त्यानं होडी चालवली, काठावर पोरांची जत्रा भरवली आणि जाताना "मामा, तुम्हाला ठेवा" म्हणून गेला. कोकणात आंबे ठेवून जातात, तसं.

पायपंपानं फुगवायला वीस मिनिटं लागतात. फुगली की सव्वादोन मीटर लांबीची, करड्या रंगाची, गुबगुबीत आणि अत्यंत मनस्वी अशी वस्तू तयार होते. लाकडी होडीला खाली कणा असतो, तो पाणी धरून ठेवतो. हिला तसलं काही नाही. ही पाण्यावर पुरीसारखी तरंगते. डावं वल्हं मारलं की उजवीकडे फिरते, उजवं मारलं की डावीकडे, आणि दोन्ही एकदम मारली की वारा ठरवेल तिकडे.

पण मला पलीकडे जायचं होतं. पलीकडच्या काठावर पावाची भट्टी आहे. रस्त्यानं पुलावरून वळसा घालून जायचं तर सकाळ जाते, खाडीतून मात्र भट्टीचा धूर दिसतो. रोज सकाळी होडीतून जाऊन गरम पाव आणायचे, असं एक चित्र मी मनात रंगवलं होतं.

"पाववाला रोज सकाळी दारात भोंगा वाजवतो," बायको म्हणाली.

"ते पाव गार असतात."

"मग तुमचे खाडीवरच्या वाऱ्यात कढत राहतील का?"

या प्रश्नाला मी भाच्याच्या तोंडून उत्तर दिलं. तो नॉर्वेचा असल्यामुळे या विषयात अधिकारी. त्यानं सांगितलेली गोष्ट अशी: ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला माणूस अमेरिकेत मिलवॉकीला होता. एका तळ्यावर सहलीला गेले असताना त्याच्या वाग्दत्त वधूला आईस्क्रीम खावंसं वाटलं. हा वल्हवत पलीकडे गेला, आईस्क्रीम घेऊन वल्हवत आला, तोवर उन्हात त्याचं दूध झालेलं. त्या चिडीतून त्यानं होडीच्या मागं अडकवायचं इंजिन बनवलं आणि 1909 मध्ये विकायला काढलं. दीड हॉर्सपॉवर, वजन 62 पौंड. तशी त्याच्या आधीही एक-दोघांनी इंजिनं केली होती, पण त्यांच्या गोष्टीत आईस्क्रीम नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही.

"आईस्क्रीम तिनं मागितलं होतं," बायको म्हणाली. "मी पाव मागितलेला नाही."

62 पौंड म्हणजे अठ्ठावीस किलो. भरलेला गॅस सिलिंडर तीसच्या घरात जातो. म्हणजे ओलेसाहेबांनी प्रेमापोटी साधारण एक सिलिंडर होडीला टांगला. माझ्या कमरेला सिलिंडर मानवत नाही. 2016 पासून डॉक्टरांनी मला वाकून काहीही उचलायला मनाई केली आहे आणि ती मी घरकामाच्या बाबतीत काटेकोरपणे पाळत आलो आहे. शिवाय आमच्या घरापासून खाडीपर्यंत चिऱ्याची पाखाडी आहे. बावन्न पायऱ्या. त्यातल्या एकीची उंची दुसरीला माहीत नाही. तेव्हा मोटर हवी ती हलकी. किती हलकी, एवढाच प्रश्न होता.

त्या प्रश्नात चार महिने गेले.

लहान मोटरींची वजनं मला आता पाढ्यांसारखी पाठ आहेत. होंडाची सव्वादोन-अडीच घोड्यांची येते ती साडेतेरा किलोच्या आसपास. सुझुकीची अडीचची तेवढीच. यामाहाची अडीचची सतराच्या घरात. टॉर्कीडो नावाची जर्मन विजेची येते, तीही सतराच्या जवळपास, पण तिची बॅटरी, दांडा आणि मूठ सुटी होते. म्हणजे तीन फेऱ्यांत नेता येते. साडेतेरा आणि सतरा यांत साडेतीन किलोंचा फरक. या साडेतीन किलोंसाठी मी रात्री दीड-दोनपर्यंत जागलो आहे.

"तुम्हीच साडेतीन किलो उतरवा ना," बायको कूस बदलून म्हणाली. "फुकट पडेल."

सकाळी मी काट्यावर उभा राहिलो. निवृत्तीनंतर नऊ किलो वाढले होते. ही माहिती मोटरीच्या निवडीशी संबंधित नसल्यामुळे मी तिची कुठंही नोंद केली नाही.

त्यात ही छापलेली वजनंही खरी नसतात. ते 'कोरडं' वजन असतं. पेट्रोल नाही, तेल नाही. हॉटेलच्या पाटीवरच्या दरासारखं; बिल हातात आल्यावर कर दिसतो.

साडेतेरा किलो म्हणजे नक्की किती, हे हातालाच कळायला हवं होतं. म्हणून कुडाळच्या बाजारात जाऊन तांदूळ तोलून घेतला. दुकानदार म्हणाला, "पंधरा घेवा, राउंड होईल." मी म्हटलं, साडेतेराच. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मूठ-मूठ काढत काटा जमवला. पोत्याला दोरीची मूठ बांधली आणि दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. सकाळी सहाला पोतं घेऊन पाखाडी उतरायची, पाण्याच्या काठी पाच मिनिटं थांबून दम घ्यायचा आणि पोतं घेऊन वर यायचं. एकदा उजव्या हातात, एकदा डाव्या हातात, एकदा छातीशी धरून.

वाडीत ही गोष्ट पसरायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पाखाडीच्या वरच्या घरातल्या आजी पायरीवर येऊन बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी पोत्याला नमस्कार केला.

"कितके दिवसांचो नवस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नवस नाही आजी, मोटरीसाठी आहे."

"होय तर," आजी म्हणाल्या. "माझ्या झिलान पण गाडयेसाठीच बोललेलो."

दरम्यान मेव्हण्यानं या प्रकरणात उडी घेतली. मेव्हण्याचा सल्ला मागावा लागत नाही. तो भरतीसारखा दिवसातून दोनदा येतो. "भावोजी, पेट्रोल-बिट्रोल काय करायचंय? इलेक्ट्रिक घ्या. आठ किलो! आवाज नाही, वास नाही." त्याच्या एका मित्राकडे धरणावर मासे पकडायला वापरायची विजेची मोटर पडून होती. तो ती घेऊनच आला. खरंच हलकी, एका हातात झाडूसारखी धरता यायची. तिची ताकद घोड्यात नसून पौंडात सांगतात, तीस पौंड. तीस पौंड म्हणजे किती घोडे, हे मी विचारलं. मेव्हणा म्हणाला, "पुष्कळ."

"आणि बॅटरी?"

"ती आहे की घरात."

घरात होती ती इन्व्हर्टरची. दीडशे अँपिअरची, पाणी भरायची, उंच डब्याची. ती आम्ही दोघांनी उचलली तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच देव निघाला. आठ किलोच्या मोटरीची ही साठेक किलोची बॅटरी बावन्न पायऱ्या उतरवायला गावातली आणखी दोन माणसं लागली. होडीत ठेवल्यावर तळ असा खाली गेला की आम्ही दोघं आपोआप घसरत बॅटरीला येऊन टेकलो. शेकोटीभोवती बसावं तसे.

पण काय सांगू, निघाली! आवाज नाही. बगळा उडालासुद्धा नाही. काठ भराभर मागं जात होता. मेव्हणा म्हणाला, "बघा!" मी बघत होतो. मी फक्त हे बघितलं नव्हतं की ओहोटी लागलेली होती आणि काठ जो मागं जात होता त्यातलं निम्मं श्रेय समुद्राचं होतं.

परत फिरलो. मोटर पूर्ण जोरात लावली. समोर काठावर एक तिवराचं झाड होतं. पाच मिनिटांनी पाहिलं, तिवर तिथंच. दहा मिनिटांनी तिथंच. मोटर इमानदारीनं पुढं ढकलत होती, ओहोटी तितक्याच इमानदारीनं मागं ओढत होती, आणि आम्ही कोणत्याही पक्षात न जाता मध्ये उभे होतो. त्या तिवराची प्रत्येक फांदी मला आजही आठवते. खालून तिसरीवर एक खंड्या होता. तो कंटाळून उडून गेला.

मग मोटरीचा सूर उतरला. त्याच वेळी गावातली लाईट गेली असणार. कारण घरून फोन आला. "पंखा बंद आहे आणि इन्व्हर्टरच्या जागी नुसत्या वायरी लोंबतायत. तुम्ही आहात कुठं?"

"तिवरापाशी," मी म्हणालो.

शेवटी तांडेल आबा आले. सत्तरीचे. लाकडी होडीत उभे राहून बांबूनं रेटत आले, आमची दोरी आपल्या होडीला बांधली आणि आम्हाला, मोटरीला आणि बॅटरीला ओहोटीच्या विरुद्ध घेऊन गेले. वाटेत त्यांनी बिडीही ओढली. इंधनाचा खर्च तेवढाच.

त्यानंतर पेट्रोलवर शिक्कामोर्तब झालं. पण पेट्रोल म्हणजे पुन्हा प्रश्न. मोटरीचा पाय आखूड हवा की लांब? आखूड म्हणजे पंधरा इंच, लांब म्हणजे वीस. मी बायकोच्या शिवणाच्या टेपनं होडीची मागची फळी मोजली: पंधरा. भाचा म्हणाला, आखूड. मेव्हणा म्हणाला, "लांबच घ्या, पुढं कधी मोठी होडी घेतली तर उपयोगी पडेल." आमच्याकडे पोरांचे शाळेचे गणवेशही याच न्यायानं घेतले जात. आखूड घेतली. ओहोटीला आमच्या धक्क्याशी पाणीच वीतभर असतं. लांब पायाची मोटर तिथं नांगरणी करत बसली असती.

पाण्यानं थंड होणारी की हवेनं? पाण्यानं थंड होणारीचा आवाज कमी, पण ती खाडीचा चिखल ओढून घ्यायची भीती. हवेनं थंड होणारीला चिखलाचं भय नाही, पण ती ओरडते. मी हवेची पसंत केली. तिला रिव्हर्स गिअर नसतो. मागं यायचं तर आख्खी मोटरच फिरवून तिचं तोंड उलटं करायचं.

"म्हणजे चूक झाली की सगळं डोकंच फिरवायचं," बायको म्हणाली. "ही तुम्हाला शोभेल."

मेव्हण्यानं हिशेब केला. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. सव्वादोन घोड्यांचे झाले सतराशे वॅटच्या आत. "भावोजी, आपल्या बाथरूममधला गीझर दोन हजारचा आहे." तेव्हापासून तो मोटरीला गीझर म्हणतो.

मोटर लागली की होडी यंत्रावर चालणारी ठरते, म्हणून नोंदणीचं विचारायला एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांचं पेन 'नौकेचा प्रकार' या रकान्यापाशी थांबलं. मी म्हटलं, फुगवायची. त्यांनी बराच विचार केला. "आणि हवा काढल्यावर कोणता प्रकार?" ते कागद कसे मार्गी लागले ही वेगळी कथा आहे; तिच्यात माझ्या तीन चपला झिजतात.

अखेर मुंबईतल्या एका गृहस्थाकडून जुनी, पण कमी वापरलेली मोटर मिळाली. साडेतेरा किलो. घरी आली तेव्हा मी ती एका हातात उचलून ओटीभर फिरलो. तांदळाच्या सरावाचं चीज झालं होतं. तांडेल आबा मुद्दाम पाहायला आले. त्यांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, दोरी ओढून पाहिली.

"ह्यां तर गवत कापूचां मशीन," ते म्हणाले.

मग सामान निघालं. मोटर साडेतेरा. पेट्रोलचा पाच लिटरचा कॅन, चार. नांगर आणि त्याची दोरी, चार. चोरी होऊ नये म्हणून साखळी आणि कुलूप, अडीच. पाने, स्पॅनर, जादा स्पार्क प्लग, पंख्याच्या जादा पिना, सगळं मिळून तीन. तरंगायची जाकिटं दोन, दीड किलो. पंप, दोन. "वल्ही तरी असू द्या," अडीच. बायकोनं दिलेला चहाचा थर्मास, पाण्याच्या बाटल्या, छत्री आणि पोह्यांचा डबा, तीन. छत्तीस किलो झाले. त्यावर होडी. हलकी मोटर घेतल्यामुळे चार खेपांत काम भागलं.

पहिल्या दिवशी धक्क्यावर अख्खी वाडी. दोरी ओढली, काही नाही. पुन्हा ओढली. चौदा वेळा ओढली. "चोक ओढा." "चोक सोडा." "पेट्रोल उघडलांस?" "टाकीच्या झाकणाचो स्क्रू सैल कर रे." सगळं केलं. शेवटी एक सात-आठ वर्षांचा पोरगा माझ्या गळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, ती लाल दोरी कसली?" मोटरीची सुरक्षेची क्लिप. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद व्हावं म्हणून असते. ती मोटरीत अडकवलेली नसली तर इंजिन सुरूच होत नाही. मी ती हरवू नये म्हणून चष्म्याच्या साखळीबरोबर गळ्यात घातली होती.

पंधराव्या ओढीला मोटर असा आवाज करून उठली की धक्क्यावरची कुत्री दोन पायऱ्या वर गेली. मी मूठ फिरवली. आणि समोरचं सगळं नाहीसं झालं. म्हणजे खाडी, पलीकडचा काठ, भट्टीचा धूर, सगळं. मी मागं, मोटर मागं, पेट्रोल मागं. होडीचं नाक सरळ आभाळाकडे. मला दिसत होती फक्त एक घार. तीच धरून मी निघालो.

काठावरून मेव्हणा ओरडत होता, "पुढं वजन टाका! वजन!" त्याला घ्यायला परत गेलो. तो म्हणाला, माझी पॅन्ट नवीन आहे. आबा हसून बिडी पेटवू लागले. तेवढ्यात बायको पाखाडीवरून खाली आली, पदर खोचलेला, हातात तांदळाचं पोतं. होडीच्या नाकावर ठेवून ती म्हणाली, "साडेतेराच आहे ना?"

नाक खाली आलं. खाडी पुन्हा दिसू लागली. मी निघालो. पुढं तांदूळ, मागं मोटर, दोन्ही साडेतेरा, मध्ये मी, नऊ किलो जास्तीचा. भोवती आवाज इतका की स्वतःचे विचारही ऐकू येईनात, आणि त्या दिवशी त्याचं सुखच वाटलं. आणि तिथंच, उथळ पाण्यात, टोपली घेऊन ती उभी होती. मी तिच्या शेजारून गेलो. हात हलवला. चार महिन्यांनी, एकदाचा, मी एका चालणाऱ्या बाईला मागं टाकलं होतं.

वळून बघत राहिलो तेवढ्यात पंखा चिखलात घुसला. खट्ट. मोटर ओरडतेय, होडी थांबलेली. पिन तुटली होती. पंख्याला धक्का बसला तर पंखा किंवा इंजिन मोडू नये म्हणून ती पिनच मुद्दाम कच्ची ठेवतात. जादा पिना होत्या तीन किलोच्या डब्यात. तीन किलोचा डबा चौथ्या खेपेत, धक्क्यावर राहिला होता.

वल्ही काढली. एक गोल झाला.

ती पाण्यातून चालत आली.

"पावण्यांनू, अडाकली काय?"

या वेळी मी हो म्हटलं. तिनं टोपली होडीत ठेवली, दोरी खांद्यावर घेतली आणि मला धक्क्यापर्यंत ओढत नेलं. उतरल्यावर मोटरीकडे बघून म्हणाली, "ह्यां कितक्या किलोचां?"

"साडेतेरा."

"इतकांच?"

तिनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, मोटर उचलून तिच्यावर बसवली आणि एका हातानं तिसऱ्यांची टोपली कडेला घेऊन पाखाडी चढायला लागली. मी मागून तांदळाचं पोतं घेऊन. सव्विसाव्या पायरीला बसलो, ती बसली नाही.

वर आजी दारात होत्या. त्यांनी आधी डोक्यावरच्या मोटरीला नमस्कार केला, मग पोत्याला, मग माझ्याकडे पाहिलं.

"फिटलो काय रे नवस?"

मी खाली धक्क्याकडे पाहिलं. होडी, नांगर, साखळी, पंप, कॅन, वल्ही आणि पिनांचा डबा दिसत होता.

"अजून दोन खेपा आहेत, आजी," मी म्हणालो.